रोमला कधी जावं? कोजागिरी झाली की निघा, वसुबारसेच्या आत परत या

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे थोडक्यात असं, की 2027 मध्ये नाशिकहून पाच जण, तुम्ही दोघं, पाचवीतला मुलगा, वडील 71 चे, आई 66 च्या, आईंचा एक गुडघा बदललेला आणि दुसरा अधूनमधून बोलतो, रोममध्ये पाच रात्री राहायचं, सुट्ट्या बघता मे, दिवाळी किंवा ख्रिसमस असे तीन पर्याय, लक्ष्मीपूजन मात्र घरीच झालं पाहिजे असा आईंचा हट्ट, आणि मुलाला बर्फ बघायचाय. तर 'बेस्ट सीझन' कुठला.

मी गेली 18 वर्षं मराठी ग्रुप घेऊन इटलीला जातो, वर्षातून चार-पाच वेळा रोम होतंच. नेटवर कुठेही शोधलं तर एकच उत्तर मिळेल, एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. चूक नाहीये ते. पण तुमचा प्रश्न वरवर हवेचा दिसत असला तरी खरा प्रश्न आईंच्या गुडघ्याचा आणि शाळेच्या कॅलेंडरचा आहे. रोम हे पायी बघायचं शहर आहे, तेही दगडावरून. त्यामुळे मी कुठल्याही फॅमिलीला आधी हेच विचारतो की तुमच्यात सगळ्यात आधी कोण दमणार. त्या माणसाला दिवसाचे किती तास बाहेर फिरता येईल, हे ज्या महिन्यात जास्त, तो तुमचा सीझन. पंचविशीतल्या दोघांना मी बिनधास्त फेब्रुवारीत पाठवतो, हॉटेल स्वस्त, गर्दी कमी, थंडी वाजली तर कॉफी प्या. तुमचा हिशोब वेगळा.

आधी उन्हाळ्याचं बोलून टाकतो, कारण बरेच जण मेच्या सुट्टीत तिकीट महाग म्हणून जून एंडला सरकतात. जून एंडपासून ऑगस्टपर्यंत दुपारी 30-32 डिग्री हे नेहमीचं, आणि उष्णतेची लाट आली की 37-38 च्या पुढे. आपण म्हणतो हॅ, नाशिकला 40 बघितलंय. पण नाशिकला 40 असताना आपण दुपारी एक वाजता उघड्या दगडी पटांगणात तीन तास उभे असतो का? फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाच्या अवशेषांत, सावली अशी जवळजवळ नाहीच, खाली दगड तापतो, वरून ऊन, आणि तिकीट काढलंय म्हणून माणूस बाहेर पडत नाही. एकदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या ग्रुपमधल्या कोल्हापूरच्या एक आजी फोरमच्या कोलोसियमकडच्या टोकाला, टायटसच्या कमानीजवळ, "जरा बसते" म्हणून ज्या बसल्या त्या उठेनात. चक्कर. ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, अर्ध्या तासात ठीक झाल्या, पण त्या अर्ध्या तासात माझं काय झालं ते मलाच माहीत. चूक माझी होती, दुपारचा स्लॉट मी घेतला होता. तेव्हापासून कोलोसियम-फोरम म्हणजे सकाळचा पहिला स्लॉट, आणि उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते साडेचार सगळे हॉटेलवर. रोमचे लोकही तेच करतात. ऑगस्टमध्ये तर ते शहरच सोडून जातात, 15 ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो हा सुट्टीचा सण असतो, त्याच्या आगेमागे घरगुती खानावळी, बेकऱ्या, छोटी दुकानं यांच्या शटरवर 'सुट्टीनिमित्त बंद' अशी चिठ्ठी. हॉटेल मात्र तेव्हा स्वस्त मिळतं, आणि मग एजंट म्हणतो बघा काय डील आहे.

पाण्याची काळजी मात्र कुठल्याच सीझनला नाही. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात त्यांना, म्हणजे मोठ्या नाकाचे, 1874 पासूनचे, अडीच हजाराच्या आसपास. पाणी चोवीस तास वाहतं, थंडगार, पिण्याचंच. नळाचं तोंड बोटानं दाबून धरलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि सरळ तोंडात घेता येतं, तुमचा मुलगा पहिल्या दिवशी हेच वीस वेळा करणार, एक जादा टी-शर्ट ठेवा.

आता ख्रिसमस. हा मी तुमच्यासाठी पटकन बाद करतो. चौकात देखावा, रोषणाई, गरम भाजलेले चेस्टनट, सगळं छान असतं, पण सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो, कोलोसियम साडेचारला बंद होतं आणि शेवटची एंट्री त्याच्या तासभर आधी. व्हॅटिकन म्युझियम 25, 26 डिसेंबर, 1 आणि 6 जानेवारी असं बंद, शिवाय महिन्याचा शेवटचा सोडून बाकीचे रविवार. पाच रात्रींत असे दोन-तीन दिवस गेले तर राहिलं काय? आणि रेट चढलेले असतात ते वेगळेच. बर्फाचं म्हणाल तर रोममध्ये डिसेंबरात थंडी असते, रात्री 3-4 डिग्रीपर्यंत, पण बर्फ नाही. 2012 च्या आणि 2018 च्या फेब्रुवारीत पडला होता तर शहर ठप्प झालं होतं. मुलाला रोममध्येच बर्फ हवा असेल तर 5 ऑगस्टला न्या, त्या दिवशी सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव करतात, चौथ्या शतकात भर ऑगस्टात तिथे बर्फ पडला होता अशी आख्यायिका आहे. तेवढ्यावर भागतंय का विचारा. नाही भागलं तर रोम सोडा आणि पुढच्या एखाद्या वर्षी मनाली करा, गंमत नाही, खरंच स्वस्त पडेल.

आता राहिले मे आणि दिवाळी, आणि इथेच खरी मेख आहे.

'दिवाळीत रोम कसं असतं' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, कारण आपली दिवाळी जागची हलते. 2025 ला लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या विशीत होतं, 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे थेट 8 नोव्हेंबर. या दोन दिवाळ्यांमध्ये रोमची हवा म्हणजे दोन वेगळी शहरं. ऑक्टोबरच्या मध्याला दुपारी 22-23 डिग्री, कोवळं पिवळं ऊन, रोमवाले याला ओत्तोब्राता म्हणतात, पूर्वी या दिवसांत लोक गाड्या जोडून शहराबाहेर द्राक्षमळ्यांत सहलीला जायचे म्हणे. आणि नोव्हेंबर हा रोमचा सगळ्यात पावसाचा महिना, दुपारी 16-17 डिग्री, दिवस तोकडे. म्हणजे 'दिवाळीत गेलो होतो, मस्त होतं' असं तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं तर आधी विचारा कुठल्या वर्षीच्या दिवाळीत. मी तर गमतीनं सांगतो की युरोपचं प्लॅनिंग करताना गुगलच्या आधी कालनिर्णय उघडा.

2027 चं बघू. लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन घरी करून भाऊबीजेनंतर निघायचं म्हटलं तर तुम्ही पोचणार नोव्हेंबरमध्ये. भाऊबीज सोडून लगेच निघालात तरी एक गोची बघा, 31 ऑक्टोबर हा महिन्यातला शेवटचा रविवार, त्या पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी सूर्य सहाच्या सुमाराला मावळत होता तो रविवारी पाचच्या सुमाराला. आणि त्याच दिवसापासून कोलोसियम साडेचारला बंद होऊ लागतं. त्याच रविवारी व्हॅटिकन म्युझियम फुकट असतं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी असतंच, म्हणजे भिंतीच्या कडेनं जी रांग लागते तिच्यात आईंना उभं करणं म्हणजे शिक्षा आहे. लगेच सोमवारी 1 नोव्हेंबर, त्यांची सार्वजनिक सुट्टी, व्हॅटिकन म्युझियम बंद, आणि लाँग वीकेंड म्हणून इटलीतले लोकही रोमला आलेले. फुकट म्हणून ऐकलेल्या दिवसाच्या नादी कधीच लागू नका, मी हे वृद्ध मंडळींना घेऊन एकदाच केलंय.

म्हणून माझं मत असं, लक्ष्मीपूजनानंतर नाही तर आधी जा. कोजागिरी 15 ऑक्टोबरच्या आसपास आहे. दूध आटवा, प्या, आणि शनिवारी 16 ला निघा. रविवार 17 ला रोम, शुक्रवार 22 ला परतीचं विमान, शनिवारी 23 ला घरी. वसुबारसेला अजून दोन-तीन दिवस शिल्लक. शाळेचे फक्त पाच दिवस बुडतात. अडचण सहामाही परीक्षेची आहे, ती बऱ्याच शाळांत नेमकी तेव्हाच असते, पण शाळेनुसार तारखा पुढे-मागे होतात, तर जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकांना भेटून वर्षाचं वेळापत्रक विचारा. परीक्षा 20-21 पर्यंत चालणार असेल तर हा प्लॅन बसत नाही, मग मी ओढूनताणून बसवा म्हणणार नाही. दुसरी अडचण फराळाची. आई म्हणतील मी 23 ला येऊन चकल्या कधी करू. याला माझ्याकडे उत्तर नाही, बायकोनं मला अजून माफ केलेलं नाही.

ऑक्टोबरात पाऊस येऊच शकतो हे मनात धरून जा. पण तो आपल्यासारखा चार दिवस झड लावून बसत नाही, बहुतेक वेळा तासभर दणकून पडतो आणि मग लखलखीत ऊन. पहिला थेंब पडताच प्रत्येक कोपऱ्यावर छत्रीवाले उगवतात, बरेचसे बांगलादेशी, दहा मिनिटांपूर्वी हीच मंडळी पाण्याच्या बाटल्या विकत होती. हिंदीत बोला, भाव उतरतो. पावसाची खरी भीती छत्रीची नाही, रस्त्याची आहे. जुन्या भागात साम्पिएत्रीनी म्हणजे काळ्या बेसॉल्टचे चौकोनी ठोकळे बसवलेत, मधे फटी, वर शतकांची झिलई, ओले झाले की साबण. बदललेल्या गुडघ्याला घसरणं परवडत नाही, तेव्हा आईंना इथूनच रबरी सोलचे बूट घ्या आणि महिनाभर आधीपासून गोदाकाठच्या दगडी पायऱ्यांवर चालायला लावा. नवे कोरे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालणारी माणसं मी दर ट्रिपला बघतो.

आणि पाऊस आलाच तर एक काम करा, पँथेऑन या प्राचीन रोमन मंदिरात पळा. डोक्यावर 43 मीटरचा घुमट आणि त्याच्या ऐन मध्यावर जवळजवळ नऊ मीटरचं उघडं भोक, काच नाही, झाकण नाही, पाऊस सरळ आत. एकदा नोव्हेंबरात सांगलीचे एक निवृत्त इंजिनिअर माझ्या ग्रुपमध्ये होते, दिवसभर पावसाला शिव्या घालत होते, तिथे आत आले आणि गप्पच झाले. वरून पाण्याचा सरळ खांब उतरतोय, दोरी लावून मधली जागा रिकामी केलेली, आणि खालची फरशी किंचित फुगीर असल्यानं पाणी कडेकडेनं सरकत बावीस छोट्या भोकांतून गायब होतंय. दोन हजार वर्षांचं ड्रेनेज. ते गुडघ्यावर बसून भोकं मोजत होते, बाकीचा ग्रुप जिलाटो खाऊन परत आला तरी. कोरड्या दिवशी आलेल्यांना हे दिसतच नाही.

समजा ऑक्टोबर जमलाच नाही, तर मे. तुमच्या मुलाची शाळा स्टेट बोर्डाची असेल तर सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते, मग सुट्टी लागल्या लागल्या निघा, जूनपर्यंत थांबू नका. मेच्या पहिल्या पंधरवड्यात हवा जवळजवळ ऑक्टोबरसारखीच, 22-24 डिग्री, पण उजेड रात्री सव्वाआठपर्यंत. हा फायदा आईंसाठी फार मोठा आहे. सकाळी तीन तास फिरायचं, दुपारी हॉटेलवर पाय वर करून चांगली झोप, आणि पाच वाजता पुन्हा ताज्या दमानं बाहेर, तरी तीन तास उजेड हातात. ऑक्टोबरात साडेसहाच्या आत मावळतं, तिथे दुपारची झोप म्हणजे उजेडाचा बळी. 1 मेला त्यांचाही कामगार दिन, त्या दिवशी बस-मेट्रो कमी, तेव्हा पोचायचा दिवस तो नको. जमलं तर 16 मे धरून तारखा बसवा, त्या रविवारी पेंटेकॉस्ट हा ख्रिस्ती सण आहे, सकाळची प्रार्थना संपली की अग्निशमन दलाचे लोक पँथेऑनच्या त्याच भोकातून लाल गुलाबाच्या पाकळ्या खाली सोडतात. आत शिरायला पहाटेपासून गर्दी होते, आईंना कितपत झेपेल ते तुम्ही बघा, पण मुलाला बर्फाऐवजी हे चालेल कदाचित.

मग मी मे दुसऱ्या नंबरवर का ठेवला? गर्दी आणि पैसा. मेमध्ये सगळं जग रोमला असतं, युरोपभरच्या शाळांच्या सहली असतात, पिवळ्या टोप्या घातलेली पन्नास पोरं तुमच्या पुढे व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चच्या सिक्युरिटीत उभी, आणि हॉटेलचे रेट वर्षातल्या सगळ्यात चढ्या महिन्यांतले. ऑक्टोबरही स्वस्त नाही, उगाच सांगणार नाही, पण माझ्या अनुभवात मध्यानंतर जरा हात ढिला होतो. व्हिसाचंही तेच. शेंगेनचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मेसाठी जाणाऱ्यांची झुंबड फेब्रुवारी-मार्चपासून असते आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, ऑक्टोबरवाल्यांनी जुलैत फाइल लावली की निवांत. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वयाच्या मुलाला निम्मी, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा.

मार्च एंडचं कुणी सुचवलं तर 2027 साठी नको म्हणा. ईस्टर 28 मार्चला आहे, तो आठवडा म्हणजे व्हॅटिकनची पंढरीची वारी. दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा, बघायला जायचं असेल तर तो आठवडा टाळा. एरवी मला स्वतःला मार्च आवडतो, बाजारात तेव्हा आर्टिचोक नावाच्या भाजीचे ढीग असतात, ज्यू वस्तीत ते आख्खे तळून देतात, कुरकुरीत, आपल्या कांदाभजीला तोंडात मारेल असं, आणि शुद्ध शाकाहारी.

ऑक्टोबर ठरलाच तर दिवस कसे लावायचे तेवढं सांगतो. रविवारी पोचाल, व्हॅटिकन म्युझियम तसंही बंद, त्या दिवशी नुसतं नवोना चौक वगैरे हळूहळू. कोलोसियमचं तिकीट सोमवार-मंगळवारचं, सकाळचं, साधारण महिनाभर आधी सुटतं आणि त्यावर नाव पासपोर्टप्रमाणेच लागतं, 'आई' किंवा 'बाबा' लिहून बुक केलेली तिकिटं मी बघितली आहेत, हसू नका. आत लिफ्ट आहे, विचारायला लाजू नका. बुधवारी सकाळी पोप सेंट पीटर्ससमोरच्या चौकात असतात, चर्च दुपारपर्यंत बंद, तेव्हा व्हॅटिकन गुरुवारी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी-पंजाबीवाल्यांना प्रश्नच नाही, हाफ पँटवाल्या बाप-लेकांना आहे. सेंट पीटर्सच्या घुमटावर तुम्ही आणि मुलगा जा, 551 पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी 320 उरतातच, आईंना खाली सावलीत बसवा.

ऑक्टोबर संपत आला की स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे यायला लागतात, लाखोंनी, फेब्रुवारीपर्यंत मुक्काम. संध्याकाळी टर्मिनी स्टेशनवर आकाशात काळी शाल झटकल्यासारखे फिरतात, बघतच राहावं. मात्र बघायचं ते उघड्यावरून, झाडाखालून नाही. नदीकाठच्या रस्त्यावर चिनारासारखी मोठी प्लेन झाडं आहेत तिथे रात्रीचा मुक्काम करतात आणि खालचा फुटपाथ सकाळी कसा असतो ते लिहीत नाही, जेवायची वेळ झाली आहे. कोरड्या संध्याकाळी एखादा रोमन माणूस छत्री उघडून चालताना दिसला तर वेडा समजू नका, तुम्हीही उघडा.

हॉटेलचं एक राहिलं. सेंट्रल हीटिंग तिथे कायद्यानं ठरलेल्या तारखांनाच चालतं, रोमला साधारण 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल. ऑक्टोबरात रात्री 12-13 डिग्री असतं आणि खोली गार वाटते, रिसेप्शनवर भांडून काही होत नाही, जादा ब्लँकेट पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि बुक करताना फोटोत 'लिफ्ट आहे' एवढं वाचून थांबू नका, जुन्या इमारतींमध्ये लिफ्ट बरेचदा दहा-बारा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते. मेल करून सरळ विचारा की रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत. उत्तर आकड्यात आलं तरच पैसे भरा.